शहर तुम्ही निवडलंत, घडीही तुम्हीच बसवून द्या

प्रति,
लिलावातून खेळाडू घेणाऱ्या सर्व संघांचे मालक, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि संघ व्यवस्थापक यांस,

सप्रेम नमस्कार.

प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामाचा लिलाव 31 मे आणि 1 जून 2025 रोजी मुंबईत झाला आणि 29 ऑगस्टला विशाखापट्टणमला पहिला सामना झाला. मध्ये जेमतेम तीन महिने. एवढ्या काळात वीस-बावीस वर्षांच्या मुलाने गाव सोडायचं, अनोळखी शिबिरात दाखल व्हायचं, नवी बोली, नवं जेवण, नवा कोच अंगवळणी पाडायचा आणि मॅटवर उभं राहायचं. खेळाडूंचं आरोग्य, आहार, हिशेब आणि मुक्काम ही कामं करणाऱ्या आम्हा काही जणांचं हे पत्र या तीन महिन्यांबद्दल आणि त्यानंतरच्या हंगामाबद्दल आहे. उदाहरणं मुख्यतः कबड्डीची आहेत, पण खो-खो, हॉकी, फुटबॉल, क्रिकेट या खेळांतल्या संघांनाही ती लागू पडतील.

नोकरीसाठी गाव सोडणारा माणूस होकार देण्याआधी चार गोष्टी पाहतो. ओळखीचं कोण आहे, खोली कामापासून किती लांब, डबा मिळेल का, आजारी पडलो तर कोण धावून येईल. लिलावातल्या खेळाडूला हे पाहायची संधीच मिळत नाही. हातोडा पडतो, घरी पेढे वाटले जातात आणि शहर ठरलेलं असतं. ही निवड तुम्ही केलेली असते, म्हणून तो जी चौकशी करू शकला नाही ती करणं आणि त्यातून निघालेली व्यवस्था लावणं हे तुमचं काम आहे, असं आमचं ठाम म्हणणं आहे. ‘आठवडाभरात रुळेल’ असं म्हणून ते सोडून देता येत नाही.

त्यातही आपल्याकडे एक जादा गुंता आहे. संघाच्या नावात एक शहर, शिबिर दुसरीकडे, सामने तिसरीकडे. 2024 चा अकरावा हंगाम हैदराबाद, नोएडा आणि पुणे या तीनच ठिकाणी झाला. बारावा विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली असा फिरला. म्हणजे खेळाडूला एका नव्या शहराशी जुळवून घ्यायचं नसतं, तीन-चार शहरांशी घ्यायचं असतं, आणि तेही हॉटेलच्या खोलीतून. नवं शहर आलं की औषधाचं दुकान, पाणी, हवा आणि झोपेची वेळ पुन्हा शून्यापासून सुरू.

म्हणून पहिली मागणी अगदी साधी. लिलाव संपल्यापासून 48 तासांत प्रत्येक नव्या खेळाडूला एका माणसाचं नाव आणि नंबर मिळावा. हा माणूस कोच नको, कारण संघात जागा देणाऱ्यापुढे कोणताही मुलगा ‘मला करमत नाही’ असं म्हणणार नाही. सोशल मीडिया सांभाळणाराही नको. खेळाडूची भाषा बोलणारा, रात्री अकराला फोन उचलणारा आणि पाच-दहा हजारांचा खर्च कुणाला न विचारता करू शकणारा माणूस हवा. अठरा ते पंचवीस खेळाडूंच्या संघात नवखे सहा-सात असतील, तर एक माणूस पुरतो.

त्याचा पहिला फोन खेळाडूच्या भाषेत व्हावा आणि त्यात उंची-वजनापलीकडचे प्रश्न असावेत. मांसाहार चालतो का, उपवास कोणते, दूध पचतं का. जुनी दुखापत कोणत्या गुडघ्याची, सध्या कोणत्या गोळ्या सुरू आहेत. परीक्षा कधी आहे. रेल्वे, पोलीस किंवा सैन्यदलात नोकरी असेल तर ना हरकत पत्र आणि रजा कोणत्या तारखेपर्यंत मंजूर आहे. अडचणीत घरी आधी कुणाला फोन करायचा, वडिलांना, मोठ्या भावाला की गावच्या प्रशिक्षकांना. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण तालुक्याच्या मंडळात घडलेल्या मुलावर घरच्यांइतकाच त्याच्या सरांचा शब्द चालतो.

कराराची प्रत सहीच्या निदान सात दिवस आधी द्या, आणि सोबत त्याच्या भाषेत दोन पानांचा सारांश द्या. पैसे किती हप्त्यांत, दुखापत झाली तर काय, संघाने सोडलं तर काय, एवढं त्यात सापडायला हवं. खेळाडू अल्पवयीन असेल तर भारतीय करार कायद्यानुसार त्याच्या एकट्याच्या सहीला अर्थ नाही, पालकांची सही लागते. वयाचा हा प्रश्न दूरचा मानू नका. नोव्हेंबर 2024 च्या आयपीएल लिलावात 1 कोटी 10 लाखांना घेतला गेलेला वैभव सूर्यवंशी तेव्हा तेरा वर्षांचा होता. एवढ्या लहान मुलाबरोबर पालकांपैकी एकाचा राहण्या-जेवण्याचा खर्च करारातच धरावा आणि त्याची खोली प्रौढ खेळाडूंपासून वेगळी असावी.

येण्याच्या दिवसाबद्दल थोडंच. तिकीट असं काढा की मुलगा दिवसाउजेडी पोहोचेल. स्टेशनवर किंवा विमानतळावर ठरलेला माणूस उभा असावा, आणि त्या रात्री वैद्यकीय चाचणी, फोटोशूट, बैठक असं काहीही ठेवू नका.

खोलीचं वाटप मात्र विचाराने करा. एका गावचे दोघे एकत्र ठेवणं सोयीचं वाटतं, पण मग ते दोघे उरलेल्या संघापासून तुटतात. नवख्याला दोन-तीन हंगाम खेळलेल्या खेळाडूबरोबर ठेवा. फक्त दोघांची जागा एकच नसावी. डाव्या कोपऱ्याच्या एकाच जागेसाठी झगडणारे दोन बचावपटू एका खोलीत झोपले की तणाव मॅटवरून उशाशी येतो. दहा दिवसांनी खोली बदलून मागायची मुभा असावी आणि कारण विचारलं जाऊ नये.

झोपेचं गणित बहुतेक वेळापत्रकांत चुकतं. रात्री नऊचा सामना दहाच्या पुढे संपतो. त्यानंतर मुलाखती, बर्फाचं पाणी, बस, आणि जेवण साडेअकराला. शरीर शांत व्हायला दीड-दोन वाजतात. सामन्याआधी घेतलेल्या कॉफीतलं कॅफीन पाच तासांनीही निम्म्याच्या आसपास शरीरात असतं. अशा रात्रीनंतर सकाळी साडेसहाचा सराव लावला की झोप चार तासांवर येते, आणि हे आठ-दहा आठवडे चालतं. नवखा खेळाडू तक्रार करत नाही, तो फक्त मंदावतो. चढाईत पाय उशिरा निघतो आणि आपण त्याला ‘फॉर्म गेला’ म्हणतो. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी दहाच्या आत काही ठेवू नका. हॉटेलशी आधी बोलून नाश्ता साडेअकरापर्यंत चालू ठेवायला लावा, कारण दहाला नाश्ता बंद होतो या एका कारणासाठी मुलं अर्धवट झोपेतून उठतात. जाड पडदे आणि सहा फुटांवरच्या खेळाडूंसाठी लांब पलंग बुकिंग करतानाच मागून घ्या.

आता जेवण. घरची आठवण सर्वांत आधी जेवणाच्या ताटावर येते. हरियाणाचा मुलगा दूध, दही, तूप आणि गव्हाच्या रोटीवर वाढलेला असतो, आपल्या सांगली-कोल्हापूरचा भाकरी आणि उसळीवर, तमिळनाडूचा भातावर. हॉटेलच्या बुफेत सगळं असतं आणि कुणाचंच काही नसतं. मग दोनपैकी एक होतं. मुलगा कमी खातो आणि तीन आठवड्यांत दोन-तीन किलो उतरतो, किंवा गोड आणि तळलेलं खाऊन वजनाच्या मर्यादेला जाऊन टेकतो. दोन्ही गोष्टी काट्यावर दिसतात. रोज सकाळी एकाच वेळी, एकाच काट्यावर वजन घ्या आणि सात दिवसांची सरासरी पाहा. सरासरीत दीड किलोचा फरक पडला की आधी त्याच्या ताटाची चौकशी करा, मग व्यायामाची.

शाकाहारी खेळाडूंची गैरसोय सर्वांत जास्त होते. ऐंशी किलोच्या खेळाडूला किलोमागे 1.8 ग्रॅम धरलं तर दिवसाला सुमारे 144 ग्रॅम प्रथिनं लागतात. पाऊण लिटर दुधातून साधारण 24 ग्रॅम, दीडशे ग्रॅम पनीरमधून 27, पन्नास ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांतून 26, दोन वाट्या घट्ट वरणातून 14, तीनशे ग्रॅम दह्यातून 10 आणि आठ पोळ्यांतून 24. बेरीज 125. उरलेलं एका मापाच्या व्हे प्रथिनाने भरून निघतं. बुफेत पनीर तेलकट रश्शात चार तुकडे असेल, तर हा हिशेब कधीच जुळणार नाही. म्हणून हॉटेलच्या मुख्य आचाऱ्याला हे आकडे लिहून द्या. बरोबर संघाचा एक स्वयंपाकी नेता आला तर उत्तमच, नाही तर प्रत्येक प्रांताचा एक पदार्थ आठवड्यातून दोनदा, खेळाडूने सांगितलेल्या पद्धतीने करायला लावा. गरम भाकरी आणि ठेचा समोर आल्यावर मुलाचा चेहरा कसा बदलतो, ते एकदा त्याच्या टेबलावर बसून पाहा.

पहिल्या आठवड्यात पोट बिघडणं नेहमीचं आहे. सीलबंद पाणी द्या, बर्फ आणि कापून ठेवलेली फळं टाळा. ओआरएस चुकीचं मिसळलं जातं हे आम्ही मुद्दाम सांगतो. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असते, छोटी 200 मिलिलिटरसाठी. मोठी पुडी एका पेल्यात ओतली की द्रावण फार घट्ट होतं आणि जुलाब थांबण्याऐवजी वाढू शकतात.

कोरड्या हवेतून विशाखापट्टणम किंवा चेन्नईच्या दमट हवेत आलेल्या शरीराला जुळायला दहा ते चौदा दिवस लागतात. सामने वातानुकूलित सभागृहात असले तरी सरावाची जागा नेहमीच तशी नसते. सरावाच्या आधी आणि नंतर वजन घ्या. जितके किलो कमी झाले, त्याच्या सव्वा ते दीडपट लिटर द्रव पुढच्या काही तासांत मिठासह पोटात जायला हवा. दोन टक्क्यांहून जास्त वजन उतरत असेल तर सराव तोडून तोडून घ्या. पहिल्या आठवड्यात नवख्यावर जुन्या खेळाडूंइतका भार टाकून त्याची ‘कसोटी’ पाहणं आम्हाला धोक्याचं वाटतं.

आणि औषधं. इथे चूक झाली तर नुसता हंगाम जात नाही, नाव जातं. अनोळखी शहर, रात्रीचा खोकला, कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान आणि काउंटरवर मिळालेली खोकल्याची बाटली. आपल्याकडच्या अनेक कफ सिरपांत अॅम्ब्रॉक्सॉल, ब्रोमहेक्सिन किंवा ग्वायफेनेसिनच्या जोडीला टर्ब्युटालिन असतं, आणि उत्तेजकविरोधी नियमांनुसार टर्ब्युटालिन स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही निषिद्ध आहे. फेब्रुवारी 2019 मध्ये इंदूरला मुंबईकडून टी-ट्वेंटी स्पर्धा खेळत असताना पृथ्वी शॉच्या नमुन्यात हेच सापडलं. नकळत घेतलेल्या खोकल्याच्या औषधातून ते आलं हे बीसीसीआयने मान्य केलं, तरी आठ महिन्यांचं निलंबन टळलं नाही. तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणापुढे स्पर्धाकाळात चालत नाही. प्रेडनिसोलोनसारख्या स्टिरॉइडच्या गोळ्या आणि 2022 पासून सांध्यात घेतलेली स्टिरॉइड इंजेक्शनंही स्पर्धाकाळात निषिद्ध आहेत. गावाकडच्या डॉक्टरने दुखऱ्या खांद्यात दिलेलं इंजेक्शन मुलगा विसरून गेलेला असतो, म्हणून ते पहिल्याच फोनवर विचारा.

उपाय असा: प्रत्येक खोलीत संघाच्या डॉक्टरने तपासलेल्या औषधांची छोटी पेटी ठेवा. पॅरासिटामॉल, ओआरएस, सेटिरिझिन, गुळण्यांसाठी मीठ, मलम. त्यापलीकडचं काहीही डॉक्टरच्या लेखी संदेशाशिवाय नाही, आणि तो संदेश फोनमध्ये जपून ठेवायचा. दमा असणाऱ्याच्या औषधासाठी उपचारात्मक सवलतीचा, म्हणजे निषिद्ध औषध उपचारासाठी घेण्याच्या परवानगीचा, अर्ज लागतो का, हे शिबिराच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरने पाहावं. तो अर्ज निदान तीस दिवस आधी करावा लागतो. जिममधल्या ओळखीच्याने दिलेला पूरक पावडरचा डबा खोलीत दिसला तर ओरडू नका, तो ताब्यात घ्या आणि बॅच तपासलेला दुसरा द्या.

उत्तेजक चाचणीसाठीच्या नोंदणीकृत गटात असलेल्या, म्हणजे ज्याची चाचणी न कळवता कधीही होऊ शकते अशा, खेळाडूला दर तिमाहीला आपला ठावठिकाणा भरावा लागतो: रात्रीचा पत्ता, आणि पहाटे पाच ते रात्री अकरा यांमधला रोजचा एक तास, ज्या वेळी तो सांगितलेल्या जागी हजर असेल. बारा महिन्यांत तीन चुका झाल्या तर बंदी दोन वर्षांपर्यंत जाते. तुम्ही हॉटेल बदलता, सराव संध्याकाळवरून सकाळी आणता, आणि मुलाच्या अर्जात जुनाच पत्ता राहतो. हॉटेल बदललं की त्याच दिवशी, बसमध्ये बसूनच त्याच्याकडून पत्ता बदलून घेणं हे त्या नेमलेल्या माणसाचं काम असावं. चूक मात्र खेळाडूच्याच नावावर लागते, हेही त्याला स्पष्ट सांगा.

पैशांचा विषय घरच्या माणसांना जोडून येतो. प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामाच्या लिलावात ड गटाची पायाभूत रक्कम, म्हणजे बोली जिथून सुरू होते ती, 9 लाख होती, अ गटाची 30 लाख. संघ दहा टक्के टीडीएस कापतो आणि मुलाला वाटतं की कर भरून झाला. 2025-26 च्या नव्या करपद्धतीने पाहा. फक्त 9 लाख मिळवणाऱ्याला कर शून्य पडतो, म्हणजे कापलेले 90 हजार परत मिळायला हवेत. पण विवरणपत्रच भरलं नाही तर ते मिळत नाहीत. उलट 30 लाख मिळवणाऱ्याचा कर, खर्चाची वजावट न धरता, उपकरासह 4 लाख 99 हजार 200 होतो. कापले गेले 3 लाख. जवळपास दोन लाख त्याने स्वतः भरायचे असतात, आणि तेही आगाऊ कर म्हणून 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर आणि 15 मार्च या टप्प्यांत. तोवर पैसे घराच्या स्लॅबमध्ये, बहिणीच्या लग्नात आणि गाडीच्या हप्त्यात गेलेले असतात. त्यात गैर काही नाही, घर उभं करायचं म्हणूनच तो खेळतो. फक्त पहिला हप्ता जमा होण्याआधी त्याला एका हिशेबनिसाबरोबर तासभर बसवा, कराची रक्कम वेगळ्या खात्यात टाकायला लावा, आणि वीस लाखांच्या पुढच्या करारात जीएसटी रकमेत धरला आहे की वेगळा, हे लिहून द्या. हिशेबनीस त्याने स्वतः निवडावा. कोऱ्या धनादेशावर, मुखत्यारपत्रावर किंवा मित्राच्या कर्जाला जामीन म्हणून सही करू नये, हे त्याला आणि त्याच्या वडिलांना एकत्र बसवून सांगा.

परदेशी खेळाडू, विशेषतः इराणहून येणारे, यांच्यासाठी हॉटेलने चोवीस तासांत परदेशी पाहुण्याची सरकारी नोंद केली का, हे व्यवस्थापकाने स्वतः पाहावं. सणाच्या आणि नमाजाच्या वेळा वेळापत्रकात आधीच धराव्यात. सर्वांनाच लागू पडणारी भाषेची गोष्ट म्हणजे मॅटवरचे वीस-पंचवीस इशारे. ते पहिल्या तीन दिवसांत एका कागदावर प्रत्येकाच्या लिपीत द्या. उशिरा कळलेली हाक म्हणजे फसलेली पकड आणि कधीकधी मोडलेलं बोट.

सर्वांत अवघड दिवस दुखापतीचा. गुडघ्याचा लिगामेंट फाटला की संघ पुढच्या शहरात जातो आणि मुलगा मागे रुग्णालयात राहतो. शस्त्रक्रियेचं संमतिपत्रक इंग्रजीत, डॉक्टर घाईत, आई-वडील हजार किलोमीटरवर. अशा वेळी काय करायचं ते आजच लिहून ठेवा. घरच्यांपैकी एकाचं तिकीट त्याच दिवशी. संमतिपत्रक वाचून समजावणारा माणूस. दुसरं वैद्यकीय मत घेण्याचा हक्क आणि त्याचा खर्च संघाकडे. खालच्या मजल्यावर किंवा लिफ्टजवळ खोली, कमोड, न्हाणीघरात आधाराची दांडी. शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला निदान नऊ महिने लागतात आणि हंगाम दोन-अडीच महिन्यांत संपतो. उरलेल्या सहा-सात महिन्यांचा फिजिओ कोण देणार, या प्रश्नाचं उत्तर करारात नसेल तर तो मुलगा गावी जाऊन ओळखीच्याकडून मालिश करून घेतो आणि सहाव्या महिन्यात मातीवर उतरतो. गुडघा तिथेच पुन्हा जातो.

एकटेपणाबद्दल खेळाडू शब्दांत फारसं सांगत नाहीत. तो वागण्यात दिसतो. जेवायला उशिरा येणं, खोलीतच ताट मागवणं, रात्री दोनपर्यंत फोनवर असणं, बारीक दुखण्यांची यादी वाढणं. समाजमाध्यमावर अचानक जवळीक दाखवणारे आणि संघाची आतली माहिती विचारणारे लोक अशाच मुलांना शोधतात. असा संदेश आला तर कुणाला दाखवायचा हे त्याला आधीच माहीत असू द्या, आणि दाखवल्याबद्दल त्याची चौकशी होणार नाही असा शब्द द्या. आठवड्यातला एक अर्धा दिवस पूर्ण रिकामा ठेवा, प्रायोजकाच्या कार्यक्रमाविना. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा नंबर खोलीच्या दारामागे लावा. तिथे मराठीसह अनेक भारतीय भाषांत चोवीस तास बोलता येतं आणि संघाला काही कळत नाही, हे दुसरं वाक्य मुद्दाम सांगा.

हंगाम संपला की खोली दुपारी बारापर्यंत रिकामी करायची असते, आणि बहुतेक संघांचं लक्ष तोवर पुढच्या लिलावाकडे गेलेलं असतं. त्या शेवटच्या सकाळी मुलाच्या हातात चार गोष्टी असाव्यात: एमआरआयच्या फिल्मसह संपूर्ण वैद्यकीय फाइल, कापलेल्या कराचं प्रमाणपत्र कधी आणि कुणाकडून मिळेल याची लेखी नोंद, राहिलेल्या हप्त्यांच्या तारखा, आणि घरी करायच्या व्यायामाचा तक्ता. त्याला सोडायचं ठरलं असेल तर ते यादी जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी कोचने स्वतः फोन करून सांगावं. आज ते अनेकांना गावातल्या कुणाच्या तरी स्टेटसवरून कळतं.

आमची मागणी पुढच्या लिलावापासून लागू करावी. तुमच्या टेबलावर खेळाडूंची जी यादी असते, त्यात बोलीच्या रकमेशेजारी आणखी एक रकाना आखा: ‘या मुलाचा फोन कोण उचलणार?’ त्या रकान्यात नाव लिहिल्यावरच हात वर करा.

आपले,
खेळाडूंचं आरोग्य, आहार, हिशेब आणि मुक्काम सांभाळणारे काही जण